धंद्याच्या गोष्टी वाचताना जमाही बघा, नावेही बघा

मागच्या चवथीला भाचा घरी आला तो बेत पक्का करूनच. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात वर्दळ वाढली आहे. तेव्हा दहा स्कूटर घ्यायच्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर करून घ्यायचे आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या. मोबाइलवर त्याने पंधरा-वीस यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती पाहिल्या होत्या. कुणी गॅरेजमधून सुरुवात केली, कुणी आईचे दागिने गहाण ठेवले, कुणी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, आणि आज त्या सगळ्यांचं नाव झालंय. "मामा, एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे," तो म्हणाला, "कुणीच घाबरलं नाही."

मी फोंड्यात लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. माझ्या कपाटात चालणाऱ्या धंद्यांच्या फायली आहेत तशा बंद पडलेल्यांच्याही आहेत, आणि बंद पडलेल्या फायलींतली माणसंही घाबरणारी नव्हती. त्यांनीही दागिने गहाण ठेवले होते. त्यांची मुलाखत घ्यायला मात्र कुणी गेलं नाही. भाच्याला त्या संध्याकाळी जे सांगितलं ते जरा नीट मांडून लिहावंसं वाटलं, कारण त्याच्या वयाची कितीतरी मुलं ह्याच मुलाखती बघून कर्जाच्या कागदांवर सही करायला निघाली आहेत. दुसऱ्याच्या धंद्यातून शिकावंच. पण वहीत जशी जमेची बाजू असते तशी नावेचीही असते, आणि आपल्यापर्यंत बहुतेक वेळा जमेचीच पोचते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकदा सावकाश फिरून बघा. मयड्याची केळी, सुकी मासळी, मातीची भांडी, हरमलची मिरची, फुलांचे वळेसर, घरच्या लोणच्याच्या बरण्या. प्रत्येक जागेवर कुणी ना कुणी बसलेलं आहे. बघणाऱ्याला वाटतं, इथे बसलं की माल खपतो. पण गेल्या वर्षी तीन शुक्रवार बसून, भाडं आणि बसचे पैसे अंगावर घेऊन घरी गेलेली बाई तुम्हाला दिसत नाही. तिच्या जागी लगेच दुसरं कुणी येऊन बसलं. जागा रिकामी राहिली असती तर आपण विचारलं असतं, इथली कुठे गेली? ती रिकामी राहत नाही, म्हणून प्रश्नच पडत नाही.

संख्याशास्त्रात ह्याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. तगलेल्यांचा भ्रम म्हणा हवं तर. जे टिकले तेवढेच डोळ्यांसमोर असतात, आणि त्यांच्यात जे जे दिसतं ते सगळं यशाचं कारण वाटू लागतं. ह्यातून सुटायचा उपाय साधा आहे. एखाद्या यशस्वी माणसात जिद्द दिसली, धाडस दिसलं, तर लगेच विचारायचं: हाच गुण बुडालेल्यांतही होता का? असेल, तर त्याने यशाचा खुलासा होत नाही. जिद्दीशिवाय धंदा होत नाही हे खरं, पण ते पाण्याशिवाय भात शिजत नाही एवढंच खरं आहे. भात कसा झाला हे त्यावरून कळत नाही.

आता माझ्या मामाची गोष्ट.

माझं आजोळ डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. दोन हजार सालानंतर चीनला लोखंड कमी पडू लागलं. पूर्वी ज्या हलक्या प्रतीच्या खनिजाला गिऱ्हाईक नव्हतं तेही जहाजं भरून जाऊ लागलं. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या जेटीवर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात. मामाने २००४ साली कर्ज काढून पहिला ट्रक घेतला. दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे, आणि खेपांना तोटा नव्हता. तीन वर्षांत कर्ज फिटलं. मग दुसरा ट्रक. २०११ साली त्याने एकदम आणखी दोन घेतले, घर गहाण ठेवून. त्या वेळी गोव्याची खनिज निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात गेली होती, गावात ज्याच्या दारात ट्रक नाही तो आळशी ठरत होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा थांबल्या. मामाचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले. पावसाळ्यात चाकांखालून गवत वर आलं आणि आजीने एकाच्या मागच्या फाळक्यावर दोडक्याचा वेल चढवला, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतच होता.

लोक म्हणतात, मामा चुकला. मला वाटतं इथे थोडं थांबून बघायला हवं. २००४ चा निर्णय आणि २०११ चा निर्णय वरवर पाहता एकच आहे, कर्ज काढून ट्रक घेणं. पहिल्याचं सोनं झालं, दुसऱ्याची माती. निकाल बघून निर्णयाला चांगलं-वाईट म्हणायचं ठरवलं तर ह्यातून काहीच शिकता येत नाही, कारण निकालात नशिबाचाही वाटा असतो. विचारायचं ते वेगळंच: त्या दिवशी, त्या तारखेला, मामाला काय माहीत होतं, आणि थोडी चौकशी केली असती तर काय कळू शकलं असतं?

शहा आयोग नोव्हेंबर २०१० मध्येच नेमला गेला होता. बेकायदा खाणींच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या, गावागावांत विहिरी आणि शेतं ह्यांवरून आंदोलनं चालू होती. विकत घेणारा देश मुख्यतः एकच. म्हणजे खाणी अमुक दिवशी बंद होतील हे मामाला कळणं शक्य नव्हतं, पण सगळं एका दोरीला टांगलं आहे आणि त्या दोरीवर आता खटले चालू आहेत, एवढं दिसत होतं. २००४ साली एक ट्रक बुडाला असता तर मामा हळहळला असता आणि पुन्हा शेतीकडे वळला असता. २०११ साली बुडाल्यावर घर जाणार होतं. फरक धाडसात नव्हता, बुडालं तर किती बुडणार ह्यात होता.

आणि त्याच वाड्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांनी २०११ च्या शेवटी दोन्ही ट्रक विकले. आज सगळे त्यांना दूरदर्शी म्हणतात. त्यांना मी स्वतः विचारलं आहे. मुलीचं लग्न होतं, पैसे हवे होते, म्हणून विकले. ते हे मोकळेपणाने सांगतात, तरी गाव त्यांची गोष्ट दूरदृष्टीची म्हणूनच सांगतं. यशाच्या कथा अशा घडतात. निकाल आधी ठरतो आणि कारणं मागाहून शिवली जातात, त्यात कुणी मुद्दाम खोटं बोलत असतं असंही नाही.

मग खरं कारण हाती कसं लागायचं? मला सगळ्यात उपयोगी पडलेली रीत म्हणजे जोडी लावणं. एक यश आणि एक अपयश असं घ्यायचं की दोन्हींत पुष्कळ काही सारखं असेल. सारखं ते बाजूला काढायचं, उरेल त्यात शोधायचं.

आपल्या दारातच अशी एक जोडी आहे. कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी रोरो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक उतारावरून थेट रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनरसकट, आणि दुसऱ्या टोकाला उतरवून तो पुढे आपल्या रस्त्याने जाणार. तेव्हाचा मुंबई-गोवा महामार्ग ज्यांनी रात्रीचा केला आहे त्यांना ह्याचं मोल सांगायला नको. वळणं, घाट, दुपदरी रस्ता. ट्रकमालकाचं डिझेल वाचलं, टायर वाचले, ड्रायव्हरला झोप मिळाली, आणि रेल्वेला न भरणाऱ्या मार्गावर उत्पन्न मिळालं. ही सेवा पुढे दक्षिणेला सुरतकलपर्यंत गेली आणि पुष्कळ वर्षं चालली आहे.

ह्यात नवीन काय होतं, हे नीट बघा. रूळ होते, सपाट वाघिणी होत्या, ट्रक होते, उतार बांधणं हे गवंडीकाम. वेगळी वेगळी पडलेली माहीत असलेली चार कामं एकत्र जोडली, एवढंच नवीन. पहिल्या फेरीला चार ट्रक आले असते तरी चार ट्रक नेता आले असते. फसलं असतं तर उतार उखडून वाघिणी दुसऱ्या कामाला लावता आल्या असत्या.

आता त्याच कोकण रेल्वेची दुसरी कल्पना, स्कायबस. तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम ह्यांची ही कल्पना. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर रूळ आणि रुळांच्या खाली लोंबकळत धावणारे डबे. शहरांत जमीन मिळत नाही, मेट्रोला खर्च फार, तेव्हा हवेतून जायचं. मडगाव स्टेशनजवळ सुमारे दीड किलोमीटरचा चाचणी मार्ग बांधला. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणी चालू असताना डबा खांबावर आदळला. एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, काही जखमी झाले. त्यानंतर प्रकल्प उभा राहिला नाही, आणि २०१३ च्या सुमारास तो अधिकृतपणे गुंडाळला गेला. मध्ये कितीतरी वर्षं गाडी मडगावला लागताना ते खांब दिसायचे.

दोन्ही कल्पना एकाच संस्थेच्या, जवळपास एकाच काळातल्या, आणि संस्थाही अशी की जिने डोंगर फोडून कोकणातून रेल्वे नेऊन दाखवली होती. हुशारी, धाडस, अनुभव सगळं दोन्हीकडे. म्हणजे कारण ह्यांत नाही. उरतं काय? रोरोमध्ये एकच गोष्ट नवी होती. स्कायबसमध्ये डबा नवा, त्याचं टांगणं नवं, मार्ग नवा, सुरक्षेची पद्धत नवी, आणि गिऱ्हाईकही अजून ठरायचं होतं, कारण ती विकत घेणारी शहरं पुढे यायची होती. पाचही गोष्टी एकाच वेळी जमल्या तरच ती चालणार होती. रोरो थोडी फसली तरी थोडी चालली असती. स्कायबसला मधली पायरीच नव्हती.

ह्याचा अर्थ मोठी स्वप्नं बघू नयेत असा मी लावत नाही. राजारामांची कल्पना मला आजही सुंदर वाटते, आणि त्या दिवशी कामावर गेलेला माणूस परत आला नाही ह्याचं दुःखही वाटतं. पण नवं काही करायला निघालेल्याने आपल्या बेतातल्या "हे कुणीच अजून केलेलं नाही" अशा गोष्टी मोजाव्यात. एक-दोन असतील तर वाट सापडते. पाच असतील तर आधी चार वेगवेगळ्या सिद्ध करून घ्याव्यात.

दुसरी जोडी लांबची आहे, पण तिचं एक टोक प्रत्येक गावातल्या फोटो स्टुडिओत सापडेल. कोडॅक आणि फूजी, फोटोची फिल्म बनवणाऱ्या दोन कंपन्या.

कोडॅकची गोष्ट बहुतेक अशी सांगतात: कंपनी झोपून राहिली, डिजिटल कॅमेरा आला आणि कंपनी बुडाली. ही गोष्ट चुकीची आहे. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने १९७५ साली बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. म्हणजे माहिती घरातच होती. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे बनवलेही, आणि २००५ साली अमेरिकेत सर्वाधिक विकले जाणारे डिजिटल कॅमेरे त्यांचेच होते. तरी जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

घोटाळा कुठे झाला ते समजायला स्टुडिओत जावं लागेल. जुन्या काळी फोटो काढायचा म्हणजे रोल घ्या, धुऊन घ्या, प्रिंट काढा. कॅमेरा एकदाच विकला जायचा, पण रोल, कागद आणि रसायनं दर बारशाला, दर लग्नाला, दर शिगम्याला पुन्हा पुन्हा. कोडॅकचा खरा नफा तिथे होता. डिजिटल कॅमेऱ्यात ते सगळंच गेलं. कॅमेरा विकून मिळणारा नफा बारीक, आणि रोजचं येणं बंद. नवी वस्तू कोडॅकने बनवली, पण जुनं उत्पन्न भरून काढील असं तिच्यात काही नव्हतं. धंद्यात वस्तू काय विकतो आणि पैसे कशातून मिळतात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

जपानच्या फूजीवरही हेच संकट आलं. फिल्मची मागणी २००० च्या आसपास कळसाला पोचली आणि मग कडा कोसळावा तशी कोसळली. फूजीचे प्रमुख शिगेताका कोमोरी ह्यांनी आपल्या माणसांना कामाला लावलं ते ह्या शोधात, की फिल्म बनवताना आपण नेमकं काय शिकलो? उत्तरं अशी निघाली: अतिशय पातळ थर एकसारखे चढवता येतात, कोलॅजनची माहिती आहे, रंग विटू नयेत म्हणून हवेतल्या प्राणवायूचा परिणाम कसा रोखायचा हे कळतं. पातळ थरांचं कसब टीव्ही-कॉम्प्युटरच्या पडद्यांना लागणाऱ्या फिल्ममध्ये गेलं. कोलॅजनचं आणि रंग टिकवण्याचं ज्ञान चेहऱ्याच्या क्रीममध्ये गेलं, कारण त्वचेतही कोलॅजनच असतं. औषधं आणि वैद्यकीय यंत्रं ह्यांतही कंपनी वाढली. फूजी आजही आहे, आणि मोठी आहे. कोडॅकने मात्र १९९४ सालीच आपला रसायनांचा विभाग वेगळा काढला होता आणि औषधांचा विकून टाकला होता.

डिचोलीत माझ्या लहानपणी एक स्टुडिओ होता, आत अंधारी खोली, बाहेर पिवळी पाटी. मालकाने रोलचा धंदा संपताना पाहिला आणि स्वतःला फूजीसारखाच प्रश्न विचारला, फूजीचं नाव काढल्याशिवाय. त्याला फोटो काढता येत होते, पण त्याहून जास्त त्याला येत होतं ते म्हणजे लग्नघरात वावरणं. कुठली आत्या रुसली आहे, कुणाचा फोटो राहिला तर वर्षभर बोलणी बसतील, मुहूर्ताला कुठे उभं राहायचं. त्याने अंधारी खोली मोडून तिथे अल्बम करायची जागा केली आणि पूर्ण लग्नाचं काम घेऊ लागला. आज मुलगा तो धंदा बघतो.

गिऱ्हाईकाच्या नजरेबद्दलही थोडं सांगायला हवं. इथे आपल्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांइतका चांगला गुरू मिळणार नाही. बेळगावात सायकली विकणाऱ्या ह्या माणसाने लोखंडी नांगर बनवला. वस्तू उत्तम होती. पण लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली ती ह्यानंतर. आपण विकत असतो नांगर, घेणारा बघत असतो आपली जमीन. वस्तू चांगली आहे हे सिद्ध करणं आणि घेणाऱ्याची भीती घालवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला जास्त वेळ लागतो.

नॅनोचं उलट झालं. २००८ साली लाखाची गाडी म्हणून साऱ्या जगाने डोक्यावर घेतली. सिंगूरचं जमिनीचं भांडण, कारखाना साणंदला हलवणं, काही गाड्यांना लागलेल्या आगी हे सगळं नडलंच. पण स्वस्तातली गाडी म्हणून ती विकली गेली ही चूक झाली, असं रतन टाटांनी स्वतः पुढे सांगितलं. आपल्याकडे दारात गाडी येते तेव्हा शेजारी बघायला येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. त्या दिवशी "सगळ्यात स्वस्त" हा शब्द कुणालाच ऐकायचा नसतो.

एवढं सगळं मोठ्यांचं झालं. माझ्याकडे येणारे लहान धंदे मात्र ह्यातल्या कशानेही बुडत नाहीत. ते नफ्यात असताना बुडतात. हे वाक्य लोकांना खोटं वाटतं, म्हणून उदाहरण देतो, आकडे सोपे करून.

केरीच्या एक ताई कोकमाचं आगळ करतात. भिंडां म्हणजे कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, पाऊस लागायच्या आत काम उरकावं लागतं. एका वर्षी त्यांनी दोन हजार बाटल्या भरल्या. फळ, मीठ, बाटल्या, लेबलं, मजुरी धरून बाटलीला ६० रुपये खर्च, म्हणजे एक लाख वीस हजार. चाळीस हजार स्वतःचे, ऐंशी हजार बचत गटाकडून. दुकानदाराला बाटली ८५ ला. बाटलीमागे २५ रुपये नफा, झकास.

जुलैअखेर त्यांनी बाराशे बाटल्या दुकानांत पोचवल्या होत्या. बिलं झाली एक लाख दोन हजारांची. कागदावर नफा तीस हजार. पण दुकानदार पैसे देतात दोन महिन्यांनी, आणि तेही विकल्या गेलेल्या बाटल्यांचेच. हातात आले चारशे बाटल्यांचे, चौतीस हजार. त्यातून गटाचा हप्ता, मुलाची फी, नव्या बाटल्यांची आगाऊ रक्कम. अशात पणजीच्या एका दुकानाने मोठी ऑर्डर दिली. ताई आनंदाने माझ्याकडे आल्या. मी वही पुढे केली आणि दोघांनी मिळून बोट ठेवत ठेवत तारखा लिहिल्या: पैसा कधी जातो, कधी येतो. ऑर्डर घेतली असती तर सप्टेंबरात, नेमक्या चवथीच्या तोंडावर, गटाचा हप्ता चुकला असता. जितकी विक्री जास्त तितका खड्डा खोल, कारण प्रत्येक बाटलीत त्यांचे ६० रुपये दोन महिने अडकत होते.

त्यांनी ती ऑर्डर अर्धी घेतली, अर्धे पैसे आधी मागून. उधारीवर रखडवणारी दोन दुकानं सोडली. उरलेला माल कार्तिकापासून जत्रांना नेऊन रोख विकला. नफा आणि रोकड ह्यांतला हा फरक कुठल्याही मुलाखतीत ऐकायला मिळत नाही, कारण तो ऐकायला रंजक नाही.

वेळेबद्दलही तसंच आहे. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं रोगाची तपासणी करणारं ट्रूनॅट यंत्र कोविडच्या काळात गावोगावी पोचलं, तेव्हा लोकांना वाटलं ही कंपनी रातोरात मोठी झाली. बॅटरीवर चालणारं, लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येईल असं क्षयरोग ओळखणारं यंत्र करायचं, ह्या कामामागची बिगटेक ही बेंगळुरूची प्रयोगशाळा २००० साली सुरू झाली होती. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली २०२० मध्ये. मधली वीस वर्षं कुणी बातमी केली नाही. कोविड आला हे नशीब, आणि त्या दिवशी यंत्र तयार होतं ही वीस वर्षांची मेहनत. दोन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहायला हवेत.

हे सगळं भाच्याने ऐकून घेतलं. शेवटी त्याला एक काम दिलं. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली युक्ती आहे, तिला प्रीमॉर्टम म्हणतात. माणूस गेल्यावर पोस्टमॉर्टम होतं, हे त्याच्या आधीचं. धंदा सुरू करायच्या आधी डोळे मिटून असं धरायचं की दोन वर्षं झाली आणि धंदा बुडाला. "बुडेल का?" असं विचारायचं नाही. बुडाला, हे पक्कं. आता कागदावर लिहा, का बुडाला. "बुडेल का" असं विचारलं की माणूस आपल्या बेताची वकिली करतो. बुडालाच म्हटलं की तोच माणूस पोलिसासारखा शोध घेऊ लागतो.

भाच्याने पहिल्यांदा तीन कारणं लिहिली. पर्यटक कमी आले, स्कूटर चोरीला गेल्या, अपघात झाला. मी म्हटलं, ही सगळी बाहेरून आलेली आहेत, जरा आतली लिही. मग तो गप्प बसला. आतून आई चहा घेऊन आली, तो निवून गेला. अर्ध्या तासाने कागद परत दिला तेव्हा त्यावर नऊ कारणं होती, आणि सातवं असं होतं: "पावसाळ्यात चार महिने गाड्या उभ्या राहिल्या, हप्ता बाराही महिने होता."

त्यानंतरचे दोन आठवडे तो हणजुणेपासून हरमलपर्यंत फिरला. चालणाऱ्या धंदेवाल्यांकडे गेला नाही. ज्यांनी गाड्या विकून टाकल्या त्यांना शोधत गेला. चारजण भेटले. एकाने घराच्या मागे नेऊन ताडपत्रीखालच्या तीन स्कूटर दाखवल्या, सीटवर बुरशी, आरशांवर कोळ्यांची जाळी. त्याने भाच्याला सांगितलं की जूनमध्ये गाडी उभी केली की ऑक्टोबरात बॅटरी, ब्रेक आणि टायर ह्यांवरच खर्च सुरू होतो, आणि हा खर्च त्याच्या कर्जाच्या अर्जात कुठेच नव्हता.

रात्री भाच्याचा फोन आला. दहाऐवजी तीन गाड्या, त्यातल्या दोन जुन्या, आणि पावसाळ्यात त्या विमानतळावर कामाला येणाऱ्या मुलांना महिन्याच्या भाड्याने द्यायच्या, असा त्याचा नवा हिशेब होता. "मामा, आता तरी बरोबर आहे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण उद्या सकाळी वही घेऊन ये, तारखा घालून बघू.